मागचं सगळं काढा

माझ्या चुलतीच्या पुण्यानुमोदनाच्या फ्लेक्सवर माझा फोटो आहे, आणि तो चांगला आलेला नाही.

तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, कानावर हेडफोन आणि कपाळावर अशा आठ्या की समोर कुणीतरी आमचा बांध कोरायला आलंय! साईज दहा बाय सहा फूट. खाली मोठ्या निळ्या अक्षरांत 'कालकथित पद्मिनबाई यांना भावपूर्ण आदरांजली'. हे कसं झालं ते सांगतो. सांगताना मधे मधे हसू आलं तर हसा. मलाही येतं, आणि मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

सुरुवात एका शब्दानं झाली. मी पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या. (स्वतःच्या चुका शोधायचा पगार कुणी देत नाही, त्यामुळं तिकडं कधी बघितलं नाही.) एके दिवशी कंपनीनं जाहीर केलं की आता कुठूनही काम करा. सगळं काम क्लाऊडवर आहे, लॅपटॉप आणि नेट असलं की बास! मी खोली सोडली, गादी गुंडाळली आणि एसटीत बसून थेट जळकोट गाठलं. फाट्यावर अण्णा उभे होते. अण्णा म्हणजे माझे वडील, पोस्टातून रिटायर झालेले.

"गादीबी आनलीस? काढलं का काय नोकरीवरनं?"

"नाही अण्णा. आमचं फ्लेक्स झालंय."

"काय झालंय?"

"फ्लेक्स हो! फ्लेक्सिबल वर्किंग. आता गावातनंच काम करायचं."

अण्णांनी गादी खांद्यावर घेतली. चार पावलं गेल्यावर म्हणाले, "बरं केलास. फ्लेक्सला लई डिमांड हाय."

मला वाटलं, अण्णांना कळलं. अख्खी हयात लोकांच्या वेड्यावाकड्या अक्षरातले पत्ते लावण्यात गेलेला माणूस, त्याला एक शब्द लागणार नाही होय? काय कळलं होतं ते आठ दिवसांनी समजलं. घरासमोर एक मोटारसायकल थांबली.

"जयभीम! पुतण्याचा वाढदिवस हाय. मागं वाघ पायजे. जबडा उघडा आसंल आसा बघा."

"अहो, मी फ्लेक्स करत नाही."

"अण्णा तर म्हनले, पोरगं फ्लेक्सवर हाय म्हनून!"

"ते फ्लेक्स वेगळं. ते वेळेचं असतं."

"आमचंबी वेळेचंच हाय. उद्या सकाळी धाला पायजे."

आमच्याकडं फ्लेक्स म्हणजे चौकात टांगतात तो. बारशापासून माणूस त्यावर यायला लागतो आणि शेवटचा येतो तेव्हा त्याला बघता येत नाही. मी अण्णांना समजावायला बसलो. अर्धा तास बोललो. नेटवर्क, सर्व्हर, क्लाऊड, सगळं सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे तू करतूस काय?"

"चुका शोधतो."

"कुनाच्या?"

"दुसऱ्याच्या."

"आन त्याला पगार देतेत?"

"देतात."

अण्णा उठले. "म्या लोकांला फ्लेक्सच सांगतो," म्हणाले आणि चपला घालून गेले. मी पण नाद सोडला. एकदोघांना वाघ लावून दिले, नळदुर्गच्या एका दुकानात फोनवरून पाठवले, छापून आले. खरं सांगतो, बरंही वाटलं. कंपनीत माझं काम कुणी बघत नाही, इथं वाघ चौकात होता!

दुसरी भानगड रेंजची. आमचं घर खालच्या अंगाला, तिथं फोनला रेंजची एकच दांडी यायची, तीही हात वर केला तर. नानांचं घर मात्र हायवेच्या बाजूला, चढावर. नाना म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. तिथं वायफाय मिळालं, रेंज भरपूर, आणि मुख्य म्हणजे तिथं काकू. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. नाना-काकूंना मूलबाळ नाही. त्यामुळं मी एकटाच दोन घरांत पुरवून वापरला जात होतो.

काकूंनी माझ्या ऑफिससाठी ओसरीतली शिलाई मशीन दिली. मशीनचं डोकं आत दुमडलं, वर फळी टाकली, झालं टेबल! त्यांचं ब्लाऊज शिवायचं काम मग संध्याकाळवर गेलं, माझी सुट्टी झाल्यावर. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पायाशी पायडल होतं, मीटिंग कंटाळवाणी झाली की मी ते हलवत बसायचो.

वायफायच्या डब्याला काकू 'लाईन' म्हणायच्या. रोज सकाळी त्याची धूळ पुसायच्या. एका उन्हाळ्याच्या दुपारी आमचं मोठं काम ग्राहकाला दाखवायचं चाललं होतं आणि नेमकं नेट गेलं. बघतो तर डब्यावर ओलं फडकं!

"काकू! हे काय?"

"लाईन तापली हुती रं. हात लावून बघितलं, ताप आल्यावानी."

"तो तापतोच! तापू द्या!"

"बरं बाबा, तापू दे," म्हणाल्या आणि फडकं काढून नेलं. रागावल्या नाहीत. त्यांना मी रागावलेला दिसायचोच नाही, काम करणारा दिसायचो.

अकरा वाजता चहा यायचा. मीटिंग असो नसो, चहा यायचा. पहिल्या आठवड्यात तर ट्रेमध्ये सात कप आले. स्क्रीनवर सहा जण, मी सातवा!

"काकू, ते पुण्यात आहेत."

"ठाव हाय मला. पर इचारावं तर लागतंय का न्हाय मानसाला?"

आमच्या साहेबांना हे सगळं दिसायचं. मागं कांद्याचा ढीग, खांबाला बांधलेली शेळी, दोरीवर नानांचं धोतर आणि मधून मधून काकू. साहेब इंग्रजीत फार गोड बोलले. म्हणाले, संदीप, पार्श्वभूमीकडं जरा लक्ष दे. मी एक बटण दाबलं. त्या बटणानं तुम्ही तेवढे स्पष्ट राहता आणि मागचं सगळं धूसर होतं. कांदे गेले, शेळी गेली, धोतर गेलं. मी खूश. तरी काकू अधूनमधून फारच पुढं यायच्या, तेव्हा मी हातानं हाड्हाड् केल्यासारखं करायचो आणि त्या मागं सरकायच्या.

अशी चार वर्षं गेली, आणि पावसाळा संपता संपता काकू गेल्या. सकाळी छातीत कळ आली म्हणाल्या, नानांनी जीप केली, धाराशिवच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तुळजापूरच्या अलीकडंच सगळं संपलं. मी मागच्या सीटवर त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसलो होतो आणि फोनवर एका हातानं कंपनीला कळवत होतो की आज जरा उशीर होईल. 'जरा उशीर' असंच लिहिलं मी. अजून आहे तो मेसेज.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गावातल्या बुद्धविहारात रविवारी ठरला. शुक्रवारी नाना माझ्याजवळ येऊन बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "संदीप, तू फ्लेक्सचं काम करतूस. तुझ्या काकूचा येक चांगला कर. तिचा फोटू जन्मात कुठं लागला न्हाय. येकदा लागू दे."

आता सांगा, ह्या वेळेला नानांना फ्लेक्सिबल वर्किंग म्हणजे काय ते कसं समजावणार? मी "हो" म्हणालो. वर छातीवर हात ठेवून म्हणालो, "नाना, काळजी करू नका. माझे सगळे फोटो क्लाऊडवर आहेत. फोन हरवला, लॅपटॉप जळला, तरी एक फोटो जात नाही." नानांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

फोटो शोधायला घरातनंच सुरुवात केली. लग्नाचा एकच फोटो होता, त्याला वाळवी लागून काकूंच्या जागी भोक पडलेलं. नाना तेवढे शाबूत, भोकाशेजारी छाती काढून उभे. मग आधार कार्ड आणलं. नानांनी ते लांब धरलं, जवळ धरलं.

"ही कोन?"

"काकू."

"ही पद्मिन न्हाय. हिला लावू नगंस."

राहिलं क्लाऊड. अकरा हजार फोटो! बोट दुखेस्तोवर बघितले. शेळीचे फोटो होते. पावसाचे होते. माझे स्वतःचे तर विचारू नका, ओसरीत लॅपटॉपपुढं बसून काढलेले, गावाकडं राहून पुण्याचं काम कसं करतोय ते मित्रांना दाखवायला! काकू त्यात होत्या. हातापुरत्या. चहाचा कप पुढं करणारा हात, हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदलेलं. पदराचं टोक. दारात निघून जाणारी पाठ. त्यांना फोटोची लाज वाटायची, कॅमेरा दिसला की पदर तोंडावर, हे खरं आहे. पण चार वर्षांत मी एकदाही "काकू, इकडं बघा" असं म्हटलेलं नव्हतं, हेही खरंच आहे.

शनिवारी सकाळी डोक्यात आलं की आमच्या मीटिंगा रेकॉर्ड होतात! त्या कंपनीच्या क्लाऊडवर पडून असतात, कुणी बघत नाही. मी बघायला बसलो. काकू रोज होत्या. रोज! अकराच्या सुमाराला माझ्या मागं एक धूसर गुलाबी, नाहीतर पोपटी डाग यायचा, थोडा वेळ थांबायचा आणि जायचा. तो डाग म्हणजे काकू. बटण मी दाबलं होतं. कांदे, शेळी आणि काकू, तिघांना मी एकदमच पुसलं होतं. अण्णा मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, "ह्ये गुलाबी काय हाय?" मी म्हटलं, "तांत्रिक आहे." मला रडू येत होतं आणि मी तांत्रिक म्हणत होतो!

दुपारी तीनला सापडल्या. एका मीटिंगमध्ये त्या इतक्या पुढं वाकल्या होत्या की सॉफ्टवेअरला वाटलं, ही पण मीटिंगलाच बसलीय. माझ्या खांद्यावरून डोकावताना, डोक्यावरचा पदर मागं गेलेला, आणि हसत होत्या. स्वच्छ, जिवंत चेहरा. मी ओरडलोच, "अण्णा, सापडल्या!" अण्णा म्हणाले, "नानाला आत्ता दाखवू नगंस. उद्या फ्लेक्सवरच बघू दे."

अडचण एकच, त्या चित्रात पुढं मी होतो. निम्मी जागा मीच अडवलेली. पण ते दुकानवाले कापतात, मला माहीत होतं. वाघ नाही का कापले! मजकूर आधीच पाठवला होता, आता फोटो पाठवायला घेतला आणि लाईट गेली. लाईट गेली की वायफाय गेलं. आभाळ भरून आलेलं, टॉवरचीही लाईट गेलेली, त्यामुळं चढावरही फोनला एकच दांडी. फोटो निम्मा गेला, थांबला. परत पाठवला. थांबला. मी गच्चीवर चढलो, तिथनं अंधार पडता पडता एकदाचा गेला. दुकान बंद व्हायला आलेलं. घाईघाईत फोटोखाली लिहिलं, 'मागचं सगळं काढा, फक्त चेहरा ठेवा.'

मला म्हणायचं होतं कांदे आणि शेळी. मी लिहिलं काय? मागचं सगळं काढा. फोटोत मागं कोण होतं? दिवसातून वीस वेळा सॉफ्टवेअरमधल्या चुका पकडणाऱ्या माणसानं हे वाक्य परत एकदा वाचायला नको होतं? 'ओके' आलं, अंगठा आला, रेंज गेली. मी समाधानानं खाली उतरलो.

रविवारी विहारात माणूस मावत नव्हता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. काकूंचे भाऊ लोहाऱ्याहून आले होते. नळदुर्गहून येणाऱ्या जीपमधनं फ्लेक्सची गुंडाळी आली ती वंदना सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी. बघायला वेळच नव्हता. दोघांनी दोरी लावली, वर ओढली, गुंडाळी सुटली. नाना समोर पहिल्या सतरंजीवर बसले होते, मान वर करून.

आणि मी उलगडलो. दहा बाय सहा!

सगळ्यांच्या माना वर गेल्या. मग मागनं कुणीतरी म्हणालं, "गेली कोन म्हनले?"

"पद्मिनबाई की!"

"मग ह्ये कोन बोंबलायलंय?"

दुसरा म्हणाला, "पुतण्या हाय. फ्लेक्सवाला. चुलतीच्या फ्लेक्सवर सोताचाच लावला! निवडनुकीला हुभारायलाय का काय?"

मी कोपऱ्यात जाऊन दुकानात फोन लावला. आवाज दाबून ओरडत होतो. (हे फक्त मलाच जमतं.)

"अहो, बाई कुठं गेली फोटोतली?"

"मागं होती ती? तुमीच म्हनलाव मागचं काढा!"

"अहो, खाली बाईचं नाव आहे! वर माझं तोंड कसं येईल?"

"आमाला वाटलं शोकाकुल म्हनून तुमचा पायजे. आजकाल समदेच आपला लावतेत, मेलेल्याचा कोन लावतंय? आन साहेब, एक बोलू का? जरा हसरा द्यायचा हुता."

अण्णांनी तोवर फ्लेक्सवर धोतर टाकायचा प्रयत्न केला. धोतर पुरलं नाही. माझं नाक आणि उघडं तोंड तेवढं झाकलं गेलं, डोळे वर राहिले. ते फारच वाईट दिसायला लागलं, म्हणून काढलं. काकूंचे भाऊ माझ्याकडं बघतही नव्हते. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला एकट्याला घ्यावं.

नाना उठून माझ्यापाशी आले. मी मान खाली घातली. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तिचा हाय का रं तुझ्यापाशी? का न्हाईच?"

"आहे नाना. नुसता फोटो नाही. बोलतात पण."

विहारापाशी रेंज बरी होती. मी फोनवर ते रेकॉर्डिंग लावलं आणि त्यांच्या हातात दिलं. नानांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज पूर्ण मोठा केला. एवढ्यात आजूबाजूचे सगळे वाकून बघायला लागले. स्क्रीनवर काकू माझ्या खांद्यावरून पुढं आल्या, आमच्या कंपनीतल्या एकाकडं बोट दाखवलं आणि हसून म्हणाल्या, "ह्यो चष्म्यावाला वाळलाय जनू. जेवतो का न्हाय, इचार की त्याला!"

आणि मग अख्ख्या विहारानं माझा आवाज ऐकला.

"काकू, सरका! किती वेळा सांगायचं? सरका मागं! माझं काम चाललंय इथं!"

काकूंचा चेहरा मागं गेला आणि डाग झाला. रेकॉर्डिंग संपलं. बारा सेकंद. नानांनी माझ्याकडं न बघता फोन पुढं केला. "परत लाव." परत लावलं. "परत." चौथ्या वेळेला सतरंजीवरच्या बाया रडायला लागल्या, आणि मीही लागलो. चारही वेळा मी त्यांच्यावर ओरडलो होतो, मोठ्या आवाजात, त्यांच्या भावांसमोर.

आता ते बारा सेकंद नानांच्या फोनमध्ये आहेत. मी अजून त्यांच्याच ओसरीवर काम करतो. कंपनी म्हणते कुठूनही करा, पण रेंज इथंच येते. चहा आपला आपण करून घ्यावा लागतो. मागं धूसर करायचं ते बटण मी बंद केलंय, साहेब दोनदा बोलले, बोलू देत. गेल्या महिन्यात नाना फोन घेऊन आले.

"संदीप, ह्यातनं तुझा आवाज काढता येतो का रं? तिचा तेवढा राहू दे."

मी तीन दिवस खपलो. नाही जमलं. काकू जाता जाता आणखी काहीतरी म्हणाल्यात, आणि त्यावरच मी ओरडलोय. माझं ओरडणं पुसलं की त्यांचे ते शब्दही जातात. काय म्हणाल्या ते आता कुणालाच कळायचं नाही. नानांना तसं सांगितलं. "मग आसू दे," म्हणाले. "तिला तरी कुठं टोचत हुतं?"

त्यामुळं दिवसातून पाचसहा वेळा माझ्या पाठीमागं, भर मीटिंगमध्ये, ते बारा सेकंद वाजतात. पूर्ण आवाजात. "सरका! किती वेळा सांगायचं? सरका मागं!" मीटिंगमधले सहा जण दचकतात, आणि मी मुकाट्यानं खुर्ची उचलतो आणि मागं सरकतो.